जोडी असल्याचा दाखला

४ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

पोचलो. दोन करकोचे आणि मी. फौजदाराच्या उजव्या पंखाची दोन पिसं पेटीत मोडली, बाकी कुठे खरचटलेलं नाही. नवरीनं वाटेत काही खाल्लं नाही, पाणी मात्र प्याली.

समारंभ झाला. दोन झेंडे, एक फीत, चार भाषणं. इथल्या मंत्रीणबाई म्हणाल्या, की ही जोडी म्हणजे दोन देशांच्या मैत्रीची खूण. दुभाष्यानं मला तसं सांगितलं. मग पेट्यांची दारं वर ओढली. फौजदार बाहेर आला, अंग झाडलं आणि डावीकडच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. नवरी उजवीकडच्या कुंपणाशी गेली. मध्ये तळं. फोटोवाल्यांना दोघं एकाच चौकटीत हवे होते, ते काही जमेना. शेवटी त्यांनी तळ्याच्या काठावर मला उभं केलं आणि माझाच फोटो काढला.

मला भांडाराच्या वरची खोली दिली आहे. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खिडकीतून पिंजऱ्याचं सगळं आवार दिसतं. रोज एक कार्ड भरायचं असतं. त्यात चार रकाने आहेत: खाणं, विष्ठा, चाल, आणि ‘जोडीनं केलेल्या गोष्टी’. चौथ्या रकान्यात मी रेघ ओढते.

उजाडलं की फौजदार हाक देतो. एक लांब सूर. मग थांबतो. घरी त्याची लंगडी उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यायची, बरोबर तेवढाच थांबतो. मग पुन्हा हाक देतो. असं सात-आठ वेळा.

माझी तब्येत बरी आहे. काळजी करू नये.

ठकू

२१ सप्टेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं पत्र आहे की भांडाराची पावती, असं मामी विचारते. दोन पिसं मोडली ते कळलं, पण तू जेवतेस का, झोपतेस का, ते कुठल्या रकान्यात भरायचं?

ते दोघं दोन टोकांना उभे राहिले, याचं तुला नवल वाटलं नसणार. मला तर मुळीच नाही. समितीच्या साहेबांनी टेबलावर चार करकोच्यांचे फोटो मांडले आणि दोन उचलले, तेव्हा मी समोरच होतो. फौजदार का, तर ऐटबाज. नवरी का, तर मान लांब. मी म्हटलं, ‘साहेब, फौजदाराची बायको लंगडी आहे, नवरीचा नवरा तो चोच मोडलेला म्हातारा. अकरा वर्षांचे दोन संसार आहेत.’ साहेब म्हणाले, ‘लंगडी आणि चोचमोडका परदेशी पाठवून नाक कापून घ्यायचं का?’ म्हणजे दोन घरं मोडून एक देखणं घर उभं केलं, आणि ते जोडीचं आहे असा दाखला द्यायला मी. तीस वर्षांच्या नोकरीत पहिला खोटा कागद. सही अशी वेडीवाकडी केली, की आता कुणी विचारलं तर म्हणता येईल, ही माझी सहीच नव्हे!

पण पोरी, मामा काही इतका भोळा नाही. करारातलं नववं कलम वाच. सहा महिन्यांत जोडी जमली नाही, तर गाजावाजा न करता दोन्ही पक्षी बदलून द्यायचे. आता करकोचा काय सहा महिन्यांत दुसरी बायको करतो? तू नुसत्या रेघा ओढत राहा. मार्चमध्ये फौजदार आपल्या घरी आणि तू आपल्या. साप भी मरे, लाठी भी न टूटे. तेवढाच तुला हवापालट. बाळ जाऊन चार महिने झाले, पण तुझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, हे काही मला बरं वाटत नव्हतं. नऊ दिवसांचं असलं तरी बाळ ते बाळ.

लंगडी मजेत आहे. जावईबापू रविवारी येतात. चष्म्याचं दुकान बंद असतं, घरी करमत नाही. पिंजऱ्यापाशी बसतात. त्यांना दोन ओळी लिहीत जा.

मामा

१९ ऑक्टोबर

ती. मामा,

फौजदाराचं वजन दोनशे ग्रॅम कमी झालं आहे. मासे आणि मका दोन्ही खातो. नवरी ठीक. इथे सकाळी बादल्या धुवायच्या, मग गवत बदलायचं, मग तळ्यातलं शेवाळ काढायचं. दुपारी शाळेतली मुलं येतात. त्यांना तिकिटावर ह्या दोघांचं चित्र मिळतं, त्यात दोघं मान गुंफून उभे आहेत. ती मुलं मला विचारतात की ते असं कधी करणार. मी सांगते, नंतर.

इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. मंगळवारी दुभाषी असतो तेव्हा त्या गप्पा मारतात. त्यांनी विचारलं, मुलं किती. मी ‘नाही’ म्हटलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पक्ष्याचा पाय बघायला लागल्या. मामा, इतकं सोपं होतं ते. घरी कुणाला तसं म्हणता येत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

मला इथे काही वाटत नाही. वाईटही नाही आणि चांगलंही नाही. हात चालतात.

लंगडीचं खरं काय ते लिहा. ‘मजेत’ म्हणजे काय?

ठकू

६ नोव्हेंबर

चि. ठकू,

‘मजेत’ म्हणजे मजेत. आता काय शपथपत्र करून पाठवू? म्हाताऱ्याशी तिची चांगली गट्टी जमली आहे. एका बादलीत खातात. पहिले काही दिवस ती दारापाशी उभी राहायची, ज्या दारातून पेटी गेली तिथे. आता सोडलं तिनं ते. रविवारी जावईबापू तिला मका भरवतात, त्यांच्या हातून छान खाते. तुझ्या नवऱ्याला काचा घासायच्या सोडून इथेच नोकरीला लावावं म्हणतो. नाहीतरी माझी जागा आता रिकामी होणारच आहे.

त्यांनी मला नवा चष्मा करून दिला. आता इतकं स्वच्छ दिसतं, की आरशातला म्हातारा कोण ते ओळखू येईना.

तू त्यांना पत्र लिहिलंस का? विचारल्याचं त्यांना सांगू नकोस. पोस्टमनची वेळ झाली की ते दुकानाच्या पायरीवर येतात, असं शेजारचा शिंपी सांगत होता.

चार महिने राहिले.

मामा

१२ जानेवारी

ती. मामा,

मध्ये लिहिणं झालं नाही. काही घडलं नव्हतं. तळं गोठलं होतं, रोज सकाळी काठीनं फोडावं लागे.

लंगडी म्हाताऱ्याबरोबर रमली हे बरं झालं. मी ते पत्र दोनदा वाचलं. म्हणजे पक्षी विसरतात.

एक विचारायचं होतं. आमच्या घरातली ती लहान खोली. ती कोणी आवरली का? यांना विचारू नका. तुम्ही जाल तेव्हा नुसतं बघून कळवा.

ठकू

३० जानेवारी

चि. ठकू,

गेलो होतो. खोलीला कोणी हात लावलेला नाही. पाळणा तिथेच आहे, दुपट्यांच्या घड्या तशाच आहेत. मी न विचारताच जावईबापू म्हणाले, ‘ती आली की दोघं मिळून आवरू.’ मग आम्ही चहा घेतला. त्यात साखर घालायची राहिली होती. दोघांनी तसाच प्याला.

पेटी मी दुरुस्त करून ठेवली आहे. आतून नवं गोणपाट मारलं. नववं कलम साहेबांच्या लक्षात आणून दिलं, तर ते म्हणाले, ‘बघू, तिकडून अहवाल येऊ दे.’ म्हणजे घोडं आता तुमच्या तपासणीपाशी अडलंय. तुझ्या सगळ्या रेघा त्यांना नीट दाखव. तुला आनंद झाला असेल असं धरून चालतो, तू काही लिहिणार नाहीस ते माहीत आहे.

मामी म्हणते, येताना वजन वाढवून ये.

मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामा,

कळवण्यास आनंद वाटतो, की तपासणी पार पडली. अधीक्षक, डॉक्टरीणबाई आणि आणखी एक गृहस्थ असे तिघे आले होते. फौजदार आणि नवरी तळ्याच्या एकाच काठावर उभे होते. फौजदारानं हाक दिली आणि उत्तर आलं. तीन वेळा. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. अहवालात ‘जोडी जमली’ असं लिहिलं आहे. नववं कलम आता लागू होत नाही.

पिल्लू होईपर्यंत सोबतच्या माणसानं राहायचं, असं करारात आहे. म्हणजे मला राहावं लागेल. तुम्ही समजून घ्याल. यांनाही सांगा.

ठकू

१० मार्च

ठकू,

तुझं पत्र येण्याआधीच बातमी इथल्या पेपरात आली. पहिल्या पानावर. साहेबांनी पेढ्यांचा पुडा आणला आणि मला म्हणाले, ‘बघा, तुम्ही उगाच कुरकुरत होता.’ मी पेढा खाल्ला. काय करणार?

तीस वर्षं करकोचे सांभाळले आणि मला ते कळलेच नाहीत म्हणायचे. फौजदारानं अकरा वर्षांचा संसार सहा महिन्यांत धुऊन टाकला. पुरुषाची जात, असं मामी म्हणाली आणि माझ्याकडेच बघितलं. मी लंगडीला त्याच्यामागे पाठवण्याचा अर्ज लिहून ठेवला होता, ‘मैत्रीखातर अधिकची भेट’ म्हणून. तो फाडला. आता तिला तिथे पाठवून सवतीच्या दारात उभी करू?

जावईबापूंना सांगितलं. ‘बरं’ म्हणाले. नंतर विचारलं, ‘करकोच्याचं पिल्लू व्हायला किती दिवस लागतात?’ मी म्हटलं, ह्या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी. तेव्हाही ‘बरं’ म्हणाले.

पेटीतलं गोणपाट काढून ठेवलं.

मामा

३ एप्रिल

चि. ठकू,

हे पत्र लिहू नये असं जावईबापूंचं म्हणणं आहे. मी लिहितो आहे.

लंगडी गुरुवारी दुपारी गेली. दारापाशी. ती ते दार कधी सोडतच नव्हती. मी तुला खोटं लिहीत होतो. म्हाताऱ्याशी तिची गट्टी नव्हती, त्याच्याकडे तिनं कधी मान वळवून बघितलं नाही. सप्टेंबरपासून ती माशाला शिवली नाही. मका तेवढा खायची, तोही फक्त जावईबापूंच्या हातून. म्हणून ते आधी रविवारी यायचे, मग एक दिवसाआड, मग रोज दुकान उघडायच्या आधी. मी त्यांना म्हटलं होतं, ‘अहो, मी तीस वर्षांचा जुना माणूस, माझ्याकडून खात नाही, तुमच्याकडून कशी खाते?’ ते म्हणाले, ‘आमचं दोघांचं काम एकच आहे ना, मामा.’

तुला काळजी नको म्हणून लिहिलं नाही. सहा महिने ती तग धरेल, मग फौजदार येईलच, असा माझा हिशेब. पेपरात बातमी आली त्यानंतर मी अर्ज फाडला, आणि तिचा मकाही बंद झाला. तिला काय कळलं, कसं कळलं, मला विचारू नकोस. बहुतेक काहीच कळलं नसेल. ताकद संपली असेल.

खड्डा जावईबापूंनी खणला. मला कुदळ धरू दिली नाही.

आणि आता लिहितोच आहे तर सगळंच लिहितो. तो दाखला मी साहेबांना घाबरून नव्हता दिला. मी त्यांच्याशी सौदा केला. म्हटलं, सही करतो, पण पक्ष्यांबरोबर माझी भाची जाईल. बाळ गेल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, कुणी बोललं तर हसायचीस. ते तुझं हसणं मला बघवत नव्हतं. वाटलं, नवी जागा, नवं काम, पोर रडेल तरी एकदा. तुझ्या हवापालटासाठी मी एक जोडी मोडली. नाही, दोन.

तुला बोल लावत नाही. माझं मलाच भोवलं.

मामा

१९ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. चार दिवस टेबलावर होतं.

जोडी जमली नाही. कधीच जमली नव्हती. उत्तर मी देत होते.

मी सात-आठ वर्षांची असताना तुम्ही मला लंगडीच्या जागेवर आधी जी होती तिचं उत्तर शिकवलं होतं. नरडं चिमटीत धरायचं आणि दोन आखूड सूर काढायचे, टक-टक, जीभ टाळूला लावून. तुम्ही पाहुण्यांसमोर मला ते करायला लावायचा. पुढे लंगडी आली, तीसुद्धा मला फसायची. ते विसरलं नव्हतं.

ऑक्टोबरात एकदा तो सकाळी हाक देत होता. मी बादली धूत होते. मी उत्तर दिलं. का दिलं माहीत नाही. त्यानं एकदम मान वळवली आणि भांडाराच्या पत्र्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यानं सगळे मासे खाल्ले. नंतर मी रोज दिलं. कार्डावर लिहिलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी मासे मुद्दाम एकाच काठावर टाकले, म्हणजे दोघं जवळ येतील. मग पत्र्यामागे जाऊन उभी राहिले. त्यानं हाक दिली, मी उत्तर दिलं. नवरीची चोच मिटलेलीच होती. वाटेवर तिघं उभे होते, एकाच्याही लक्षात आलं नाही.

मला घरी यायचं नव्हतं. तुम्ही लिहिलंत खोली तशीच आहे, ती आली की दोघं मिळून आवरू. ते वाचलं आणि ठरवलं. लंगडी म्हाताऱ्याबरोबर सुखात आहे असं तुम्हीच लिहिलं होतं, तेव्हा कुणाचं काही बिघडणार नाही असं वाटलं. तुम्हाला दोष देत नाही. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. यांच्या हातून खाते हे तुम्ही लिहिलं होतंत. करकोचा अगदी एकटा पडला तरच माणसाच्या हातून खातो, हे मला कळायला हवं होतं. मला कळलं असणार.

लंगडी मी मारली. हे लिहूनसुद्धा मला काही वाटत नाही, मामा. मी वाट बघते आहे, की आता वाटेल. सकाळी उठते, बादल्या धुते.

फौजदार अजून हाक देतो. मी अजून उत्तर देते. आता थांबले तर तो पुन्हा कुंपणाशी जाईल. तो मला ती समजतो. आता तर तो पत्र्यापाशी येऊन नाचतो, पंख पसरून. मला कुठे बघावं कळत नाही.

यांना हे पत्र दाखवा. मला त्यांना वेगळं लिहिता येणार नाही.

ठकू

६ मे

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. जावईबापूंना दिलं. त्यांनी ते दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, अजून परत दिलेलं नाही.

मी खोटं लिहिलं, तू खोटं गायलीस. उडदामाजी काळे-गोरे, निवडणार कोण? तुला रागावायचं ठरवून लिहायला बसलो होतो, पण राग येत नाही. सारखं डोळ्यांसमोर येतं ते पाहुण्यांसमोर नरडं धरून उभं राहिलेलं फ्रॉकमधलं पोरगं. शिकवलं मीच.

आता ऐक. लंगडीला काही आपण परत आणू शकत नाही. पण म्हातारा अजून जिवंत आहे आणि नवरी तिथे तुझ्या उजव्या कुंपणाशी उभी आहे. निदान ते एक घर तरी जोडू. मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सांगितलं, दाखला खोटा होता, माझ्यावर काय ती कारवाई करा. साहेब पांढरेफटक पडले. खोटा दाखला बाहेर आला तर त्यांचाच पेढ्याचा पुडा त्यांच्या घशात अडकणार. दोन दिवसांनी निरोप आला, की मैत्रीच्या वर्षपूर्तीनिमित्त आणखी एक पक्षी भेट पाठवावा. कोणता? तर चोचमोडका म्हातारा. आता नाक कापलं जात नाही वाटतं! मला मात्र निवृत्तीची तारीख दोन महिने अलीकडे आणून मिळाली. सुंठेवाचून खोकला गेला, असं साहेबांना वाटत असेल.

तू तुझ्या अधीक्षकांना तपासणीचं खरं काय ते सांगून टाक. म्हातारा पोचायच्या आत.

म्हाताऱ्याबरोबर कोणी जायचं हा प्रश्न होता. तो सध्या दोनच माणसांच्या हातून खातो. एक मी, मला डॉक्टर प्रवास करू देत नाहीत. दुसरे जावईबापू. लंगडीला भरवताना शेजारी हा आशाळभूत उभा असायचा, त्यालाही ते दाणा टाकायचे. मी त्यांना विचारलं, ‘जाल का?’ ते म्हणाले, ‘ती खोली मी आवरली, मामा. एकट्यानं आवरली. तिलाही आवरायला लावायचं म्हणत होतो, ते माझं चुकलं.’ मग म्हणाले, ‘जातो.’

२९ तारखेला पोचतील. हा काही सौदा नाही, ठकू. त्यांना परत पाठवायचं असेल तर पाठव.

तुझा मामा

२ जून

ती. मामांस नमस्कार.

म्हातारा सुखरूप पोचला. एक नख तुटलं आहे, बाकी ठीक. हे पण पोचले. ट्रकमधून उतरले तेव्हा बाहीला गोणपाटाचे धागे चिकटले होते. ते म्हणाले, ‘वाळलीस.’ मी म्हटलं, ‘तुम्हीपण.’ मग आम्ही पेटी उतरवायला लागलो, तिला चार माणसं लागतात.

मी अधीक्षकांना आधीच सगळं सांगितलं होतं. दुभाष्यानं ते दोनदा विचारून घेतलं, त्याला वाटलं त्याचं ऐकण्यात काही चुकतंय. अधीक्षकांनी माझी सगळी कार्डं मागवून घेतली. आता कार्ड मी भरायचं नाही, डॉक्टरीणबाई भरतील. बादल्या आणि गवत माझ्याकडे आहे. डॉक्टरीणबाई माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. ते बरोबरच आहे.

समारंभ नव्हता. पेटीचं दार वर ओढलं. म्हातारा बाहेर आला, तोल गेला, सावरला. पलीकडच्या कुंपणाशी नवरीनं मान सरळ वर केली. मग ती तळ्यातून आली, मामा. काठानं फिरून नाही, पाण्यातून. त्यानं मोडक्या चोचीनं हाक दिली आणि तिनं उत्तर दिलं. नऊ महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरीणबाईंनी कार्ड काढलं, चौथ्या रकान्यात लिहिलं. टाळ्या वाजवल्या नाहीत.

फौजदार डावीकडेच उभा होता. हे त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘ह्याला माहीत आहे का?’ मी म्हटलं, ‘कसं माहीत असेल?’ ते म्हणाले, ‘तिचं शेवटी वजन काही राहिलं नव्हतं. एका हातानं उचलली.’

आज सकाळी मी बादल्या धूत होते. हे शेजारी उभे राहून मासे निवडत होते. फौजदारानं हाक दिली. मी रोज पत्र्यामागे जाते. आज यांच्यासमोर जावंसं वाटेना, लाज वाटली. तो थांबला. बरोबर तेवढाच थांबला. पुन्हा हाक दिली, पुन्हा थांबला. हे माझ्याकडे बघत नव्हते, माशांकडेच बघत होते. म्हणाले, ‘दे ना. बिचारा उभा आहे.’

मी नरडं चिमटीत धरलं आणि उत्तर दिलं. दोन सूर द्यायचे असतात. मी दोन दिले, आणि तिसरा आला. मग चौथा. मला थांबता येईना, मामा. चिमूट सोडली तरी आवाज येत राहिला. तो लंगडीचा नव्हता. तो कसला होता ते मला माहीत नव्हतं, मी तसा आवाज कधी काढलेला नाही. फौजदार मान वाकडी करून बघत राहिला, त्याला ह्या उत्तराचं काय करावं कळेना. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. यांनी हातातला मासा बादलीत ठेवला, हात पँटला पुसले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांचेही खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, आमच्याजवळची बादली उचलली आणि गवत स्वतःच बदललं.

मामा, माझं बाळ गेलं.

नऊ दिवसांचं होतं. तुम्हाला माहीत आहे. पण मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते आहे.

आम्ही दोघं सध्या इथेच आहोत. फौजदाराला एकदम सोडून येता येणार नाही, त्याचं काहीतरी करावं लागेल. भांडारवाल्याकडे आणखी एक खुर्ची मागितली होती, ती संध्याकाळी मिळाली. जरा डुगडुगते. यांनी पायाखाली कागदाची घडी घातली आहे.

मामींना नमस्कार.

तुमची
ठकू